परदेशातून आलेली किंवा परदेशात विकलेली महागडी गाडी: कराच्या भानगडीत पडण्याआधी

रावेर-सावद्याकडे केळीला दोन हंगाम चांगला भाव लागला, किंवा जळगावात पेढीची दुसरी पिढी हाताशी आली, की सुरत, इंदूर नाहीतर मुंबईच्या एजंटाचा फोन येतोच. "शेठ, पोर्शे आहे, एका हाताची. शोरूमच्या निम्म्या भावात. कागद एकदम क्लिअर." गाडी खरंच सुंदर असते. कागदही असतात. मात्र ते कशाचे आहेत हे फारसं कुणी वाचत नाही आणि दोन-तीन वर्षांनी समन्स येतं तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही.

हा लेख अशा व्यवहारात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे. करचुकवेगिरीच्या या वादांत निकाल सहसा गाडीवर लागत नाही, पुराव्यावर लागतो, आणि तो पुरावा सौद्याच्या वेळी किंवा त्याआधी तयार झालेला असावा लागतो. नोटीस आल्यावर गोळा केलेल्या कागदांना फार वजन नसतं.

पायरी १: आपला व्यवहार कोणत्या प्रकारचा ते ठरवा

तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे कायदे वेगळे. पहिला, परदेशातून आयात झालेली गाडी तुम्ही इथे विकत घेताय. इथे मुख्य धोका सीमाशुल्काचा. दुसरा, गाडी परदेशातच आहे, समजा दुबईत, आणि तिथेच विकली जातेय. इथे प्रश्न आयकराचा आणि परकीय चलनाचा. तिसरा, दोंडाईच्या-शहाद्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात पडलेली आजोबांची फोर्ड परदेशी शौकिनाला द्यायचीय. इथे निर्यातीचे निर्बंध आणि भांडवली नफा दोन्ही येतात.

एक सूचना आधीच देतो. या विषयावरचे इंग्रजी व्हिडिओ पाहून आडाखे बांधू नका. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतच नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात विक्रीकर नाही, म्हणून तिथे कागदी कंपनी काढून गाडी तिच्या नावावर करायची टूम आहे, आणि इतर राज्यं त्यावरून खटले भरतात. त्यातलं काहीच जळगावच्या आयकर कार्यालयात उपयोगी पडत नाही.

पायरी २: शुल्काचं गणित स्वतः मांडून बघा

एजंट स्वस्त कसं देतो हे समजायला हा हिशेब पुरेसा आहे. बंदरात पोहोचेपर्यंतची किंमत ४० हजार डॉलरपेक्षा जास्त असलेल्या तयार नव्या गाडीवर सर्वसाधारण आयातीत सीमाशुल्क आणि त्यावरचा कृषी उपकर मिळून ११० टक्के लागतात. वापरलेल्या गाडीवर १३७.५ टक्के. ब्रिटनसारख्या देशांशी झालेल्या व्यापार करारांतल्या सवलती वेगळ्या, त्या ठरावीक कोट्यापुरत्या आहेत. या सगळ्याच्या वर जीएसटी, आणि मोठ्या गाड्यांना तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे.

म्हणजे बंदरात १ कोटीला पडणारी नवी गाडी घ्या. ११० टक्क्यांनी ती २ कोटी १० लाखांची होते. त्या रकमेवर ४० टक्के म्हणजे आणखी ८४ लाख. एकूण २ कोटी ९४ लाख, त्यातले १ कोटी ९४ लाख नुसते कर. आता आयातदाराने बिलावर १ कोटीऐवजी ५० लाख लिहिले तर त्याचे एका कागदावर ९७ लाख वाचतात. हे ९७ लाखच या साऱ्या धंद्याचं मूळ आहे, आणि तुम्हाला मिळणारी सूट त्यातलाच एक तुकडा असतो.

हे करण्याच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, उघड केलेल्या प्रकरणात अमेरिका आणि जपानच्या गाड्या आधी दुबईत किंवा श्रीलंकेत नेल्या जात, तिथे डावं स्टीअरिंग उजवं केलं जाई, आणि किंमत निम्म्यापर्यंत कमी दाखवून त्या भारतात उतरवल्या जात असा आरोप आहे. २०२१ चं 'ऑपरेशन मॉन्टे कार्लो' आणखी चतुर होतं. परदेशी राजदूतावासातल्या अधिकाऱ्यांना गाडीवर शुल्क माफ असतं, तर त्यांच्या नावावर गाड्या आणून इथल्या श्रीमंतांना विकल्याचा तो मामला. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागाने 'नुमखोर' नावाची मोहीम काढली. भूतानमधून आणलेल्या जुन्या गाड्या हिमाचलसारख्या राज्यांत खोट्या कागदांवर नोंदवून पुढे विकल्याचा तो प्रकार, आणि त्यात केरळच्या नामांकित नटांच्या घरांपर्यंत अधिकारी पोहोचले. लक्षात घ्या, त्या घरांतल्या गाड्यांना आरसी होतं, विमाही होता.

पायरी ३: कागद वाचा, आणि आरसीच्या मागे जा

आपल्याकडे आरसी बुक हातात आलं की काम झालं समजतात. अहिराणीत सांगायचं तर, गाडी चांगली शे हे मान्य, पण कागद काय सांगस ते देख, भाऊ. आरसी एवढंच सांगतं की कुठल्यातरी आरटीओने गाडीची नोंद घेतली. शुल्क भरलं गेलं की नाही ते 'बिल ऑफ एन्ट्री' सांगतं. आयात गाडीचा हा जन्मदाखलाच. तो नसेल तर सौद्याची बोलणी तिथेच थांबवा. झेरॉक्स दाखवली तर नंबर, तारीख आणि बंदर टिपून घ्या आणि सीमाशुल्क विभागाच्या 'आइसगेट' पोर्टलवर तपासा.

बिल ऑफ एन्ट्रीवर चार गोष्टी बघायच्या. आयातदाराचं नाव कोणाचं आहे? एखाद्या वकिलातीचं किंवा अधिकाऱ्याचं असेल तर हात लावू नका. जाहीर केलेली किंमत किती? त्या मॉडेलची परदेशातली किंमत इंटरनेटवर पाच मिनिटांत मिळते. तिच्या निम्मी असेल तर ती विक्रेत्याची हुशारी तुमच्या अंगावर येणार. गाडी नवी म्हणून आली की वापरलेली? आणि चॅसी नंबर.

चॅसी नंबरवर थोडा वेळ द्या. तो १७ अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर देश सांगतं: डब्ल्यू असेल तर जर्मनी, जे म्हणजे जपान, झेड म्हणजे इटली, एस म्हणजे ब्रिटन. तो काचेखाली, दाराच्या चौकटीवर आणि चॅसीवर कोरलेला असतो. तिन्ही ठिकाणी एकच आहे ना, कोरीव अक्षरांच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा नाहीत ना, हे आपल्या गावातल्या जुन्या, जाणत्या मिस्त्रीला दाखवा. तो पाचशे रुपये घेईल, पण शोरूमच्या पॉलिशला भुलणार नाही. शिवाय अधिकृत वर्कशॉपमध्ये हा नंबर दिला तर ती गाडी मुळात कोणत्या देशासाठी आणि कोणत्या वर्षी बनली हे बहुधा कळतं. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टीअरिंग उजवीकडे असावं अशी अट आहे. २०१५ ची गाडी २०२२ मध्ये वापरलेली म्हणून आली असेल, तर कागदात काहीतरी शिजलेलं आहे.

आणखी एक सापळा 'कार्ने'चा. परदेशी पर्यटक ठरावीक मुदतीसाठी शुल्क न भरता गाडी घेऊन येतो, त्या पासाला कार्ने म्हणतात. ती गाडी परत जाण्यासाठीच आलेली असते, इथे विकता येत नाही. "साहेब, फक्त पॉवर ऑफ ॲटर्नीवर वापरा" असं कुणी म्हणालं की समजा, शुल्काची टांगती तलवार तो तुमच्या अंगणात उभी करतोय.

भेट मिळालेल्या गाडीवर शुल्क नसतं, असाही एक समज आहे. सचिन तेंडुलकरला शतकांच्या विक्रमाबद्दल फियाटकडून मिळालेली फेरारी आठवत असेल. केंद्राने तिला १ कोटी १३ लाखांची शुल्कमाफी दिली, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं. तीच गाडी पुढे २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. सचिनच्या गाडीवर शुल्क चुकलं नाही, मग आपल्या आखाती मावसभावाच्या भेटीचं काय घेऊन बसलात.

पायरी ४: समुद्रातला सौदा

गाडी अजून जहाजात आहे, तिथेच तुमच्या नावावर करून देतो, म्हणजे कर वाचेल, असं सांगणारे भेटतात. बंदरात उतरण्याआधीची अशी विक्री बेकायदा नाही. पण जीएसटी आणि शुल्क गाडी सोडवताना आकारतात, आणि ते शेवटच्या खरेदीदाराने दिलेल्या किमतीवर. मधल्या दलालांचा नफाही त्यात धरला जातो. शिवाय आता बिल ऑफ एन्ट्री तुमच्या नावाने निघतं, म्हणजे कायद्याच्या नजरेत आयातदार तुम्हीच. किमतीबद्दलचं प्रत्येक उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार. नवख्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ५: पैसा बँकेतूनच द्या

एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. तो घेणाऱ्याला बसतो म्हणून आपण मोकळे, असं समजू नका. तुमची रोख आली कुठून हा पुढचा प्रश्न तुमच्याकडेच येतो, आणि केळीचं उत्पन्न शेतीचं आहे हे सिद्ध करायला पट्टी, वजनपावती, सातबारा लागतो. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता व्यापारी १ टक्का कर गोळा करून तुमच्या पॅनवर भरतो. तो आयकर विभागाकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतो. विवरणपत्रात ६ लाख उत्पन्न आणि माहितीपत्रकात ८० लाखांची गाडी, ही विसंगती आता संगणकच शोधतो.

पायरी ६: आरटीओ

पुदुच्चेरी, दमण किंवा हिमाचलच्या नंबरची गाडी स्वस्त का असते, तर तिथला वाहनकर कमी. २०१७ मध्ये पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यांवर गाड्या नोंदवल्याबद्दल केरळात गुन्हे दाखल झाले होते. आपल्याकडे परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त वापरायची तर पुन्हा नोंदणी करावी लागते: धुळ्याला एमएच १८, जळगावला एमएच १९, नंदुरबारला एमएच ३९. मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८, आणि हस्तांतरणाचे २९ व ३० लागतात. महाराष्ट्रात आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला एकरकमी कराचा दर २० टक्के आहे. जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली. हा आकडा सौद्याच्या आधी धरा.

पायरी ७: विकताना आयकर, आणि 'वैयक्तिक वापर' सिद्ध करणं

इथे लोक सगळ्यात जास्त गाफील असतात. स्वतःच्या वापराची जंगम वस्तू आयकरात भांडवली मालमत्ता धरली जात नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती याला अपवाद आहेत, मोटार त्या यादीत नाही. म्हणजे रोजच्या वापरातली गाडी नफ्याने विकली तरी कर नाही. ऐकायला गोड आहे. पण वापर सिद्ध कोणी करायचा? तुम्ही.

मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२५ चा निकाल प्रत्येकाने समजून घ्यावा, कारण खान्देशालाही तोच लागू आहे. १९३१ ची फोर्ड टूरर. १९८३ मध्ये २० हजारांना घेतली, पुढे २१ लाखांना विकली. नफा २० लाख ८० हजार. मालकाचं म्हणणं, गाडी माझ्या खासगी वापराची. विभागाचं म्हणणं, वापराचा पुरावा दाखवा. पहिल्या अपिलात मालक जिंकला, आयकर न्यायाधिकरणात हरला, आणि उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचंच म्हणणं उचललं. गाडी वापरता येण्यासारखी होती एवढ्याने भागत नाही, ती खरोखर वापरली पाहिजे. निकाल लागेपर्यंत तीन दशकं उलटून गेली होती.

तर मग आजपासून काय ठेवायचं? विम्याच्या पावत्या दर वर्षीच्या, पीयूसी, पेट्रोलचं बिल कार्डावरचं, गॅरेजचा खर्च स्वतःच्या खात्यातून दिलेला, फास्टॅगची नोंद. मुक्ताईनगरला किंवा सारंगखेड्याच्या यात्रेला त्या गाडीने गेलात तर टोलची नोंद आपोआप होते, ती जपून ठेवा. लग्नातले फोटो चालतात, पण एकटे फोटो तकलादू.

आपल्याकडची सवय मात्र उलटी. गाडी फर्मच्या नावावर घ्यायची, दर वर्षी घसारा, म्हणजे गाडीची झीज, खर्च म्हणून वजा करून घ्यायचा, आणि विकताना "घरच्या वापराची होती" म्हणायचं. घसारा घेतला की तो बचाव संपला. वर, फर्म जीएसटीत नोंदलेली असेल तर घसाऱ्यानंतरच्या किमतीपेक्षा जितकी जास्त रक्कम आली, तितक्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. २५ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांना हा एकच दर आहे.

शौक म्हणून साठवून ठेवलेली, कधीच न चालवलेली गाडी असेल तर सरळ भांडवली नफा दाखवा. २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवली असेल तर १२.५ टक्के. न्यायालयात तीस वर्षं काढण्यापेक्षा हा दर काही वाईट नाही. वर्षाला चार-पाच गाड्या घेऊन विकत असाल तर तो शौकही नाही, धंदा आहे, आणि तसाच कर लागेल. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून इथे क्रमांक देत बसत नाही. सल्लागाराला प्रश्न विचाराल तेव्हा विक्रीचं वर्ष आधी सांगा.

पायरी ८: गाडी परदेशातच विकली तर

दुबईत उत्पन्नावर कर नाही, म्हणून तिथल्या विक्रीचा भारताशी संबंध नाही, हे अर्धसत्य आहे. तुम्ही त्या वर्षी भारताचे निवासी असाल तर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. १८२ दिवस इथे राहिलात की निवासी. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर येऊन-जाऊन करणाऱ्यांना ही मर्यादा १२० दिवसांवर येऊ शकते, मात्र असा माणूस 'सामान्यतः निवासी नसलेला' धरला जातो आणि त्याच्या परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. पासपोर्टवरचे शिक्के मोजा, अंदाज करू नका.

गाडी परदेशात आहे हे इथे कुणाला कळणार, असं वाटतं. गाडीची माहिती देशादेशांत आपोआप जात नाही हे खरं. पण विकल्यावर आलेले पैसे तिथल्या बँकेत पडतात आणि त्या खात्याची माहिती जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर विभागाने परदेशी खाती न दाखवणाऱ्यांना मेसेज आणि ईमेल पाठवले ते याच माहितीवर. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची स्वतंत्र अनुसूची असते. ती कॅलेंडर वर्षाप्रमाणे, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंतची भरायची. ती न भरल्यास काळा पैसा कायदा, २०१५ प्रमाणे १० लाख दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून इतर मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट आहे. महागडी गाडी त्या सवलतीत सहसा बसत नाही.

आधीच चुकलं असेल तर अद्ययावत विवरणपत्र भरता येतं, ४८ महिन्यांपर्यंत. जितका उशीर तितका जादा कर, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत. मात्र छापा पडला की हे दार बहुधा बंद होतं.

पायरी ९: जुनी गाडी बाहेर पाठवायची असेल तर

१९५० च्या आधीच्या मोटारीची आणि तिच्या भागांची निर्यात खुली नाही, विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यात अडकू शकते. सुटे भाग म्हणून पेटीत घालून पाठवू, असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. देशातच ठेवायची असेल तर ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंद होते. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि विकली तर ९० दिवसांत कळवावं लागतं.

पायरी १०: नोटीस आली तर

सीमाशुल्काचं समन्स आलं तर जावंच लागतं. तिथे दिलेला जबाब पुरावा म्हणून चालतो, म्हणून वाचल्याशिवाय सही नको आणि जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असंच लिहा. फसवणुकीचा आरोप असेल तर विभाग पाच वर्षं मागे जाऊ शकतो, एरवी दोन. गाडी जप्त झाली तर बाँड आणि बँक हमी देऊन ती तात्पुरती सोडवता येते. तसा अर्ज लगेच करा, नाहीतर आवारात उन्हापावसात ती कुजते. नोटिशीनंतर ३० दिवसांत शुल्क, १५ टक्के दराने व्याज आणि शुल्काच्या १५ टक्के दंड भरला तर प्रकरण मिटू शकतं. रक्कम लहान असेल आणि कागद कच्चे असतील तर हा मार्ग शहाणपणाचा.

तुम्ही दुसरे-तिसरे खरेदीदार असाल तर एक जमेची बाजू आहे. मूळ आयातदाराने चुकवलेलं शुल्क नंतरच्या खरेदीदाराकडून मागता येत नाही, कारण तो आयातदार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने एका पोर्शेच्या प्रकरणात म्हटलंय. तरी गाडीवर जप्तीचं सावट राहतंच, आणि तुम्ही बेखबर होतात हे दाखवायला पायरी तीनमधले कागद लागतात.

सीमाशुल्काच्या आदेशावर आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत जायचं, शुल्काच्या साडेसात टक्के आधी भरून. आदेश खुद्द आयुक्तांचा असेल तर मुंबईच्या न्यायाधिकरणाकडे तीन महिन्यांत. आयकराचं पहिलं अपील ३० दिवसांत ऑनलाइन, पुढचं पुण्याच्या न्यायाधिकरणात, आणि त्यानंतर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. मागणीच्या वसुलीला स्थगिती हवी तर साधारण २० टक्के भरण्याची तयारी ठेवा. तुमचं विवरणपत्र भरणारे सीए सीमाशुल्काचं काम करत असतीलच असं नाही, त्यासाठी मुंबई किंवा नाशिकचा वकील वेगळा बघावा लागतो. दोघांना एकाच वेळी सगळे कागद द्या. एकीकडे "गाडी ४० लाखांना घेतली" आणि दुसरीकडे "८० लाखांना" असं लेखी गेलं, तर ती दोन उत्तरं एकमेकांशेजारी ठेवायला अधिकाऱ्याला फार वेळ लागत नाही.